काकांचं सरबत

४ मार्च

दादाने आज अखेर हो म्हटलं. तेही जेवताना, तोंडात घास असताना, माझ्याकडे न बघता. "घाल तुझं औषध शाळेच्या स्लॅबला. पण स्लॅब बिघडला तर पिंपांसकट तुला बाहेर काढीन." वहिनी हसल्या, पुतण्या हसला, आमची हीसुद्धा हसली. मी हसलो नाही. काँक्रीटचा प्लँट दादाचा, घर दादाचं, मला रसायनशास्त्र शिकवलं तेही दादाने, स्वतःची शाळा अर्धवट सोडून. ज्याच्याकडून एवढं घेतलं त्याच्या विनोदाला हसायला हवं हे मला कळतं. चेहऱ्याला कळत नाही.

प्लँटच्या मागच्या शेडमध्ये मी इतकी वर्षं जे शिजवत बसलोय त्याला सगळे 'काकांचं सरबत' म्हणतात. साखर करपल्यासारखा वास येतो हे खरं. पण सरबत म्हणून खिदळणाऱ्या एकानेही कधी विचारलं नाही की ते करतं काय. निदान इथे तरी लिहून ठेवतो. सिमेंटला पाणी मिळालं की दोघांची क्रिया सुरू होते, ऊब सुटते आणि काही तासांत दगड तयार. आमची गाडी उन्हातून, गर्दीतून शहराच्या त्या टोकाला पोचेपर्यंत हा दगड ड्रममध्येच व्हायला लागतो. मग ड्रायव्हर वरून पाणी ओततात आणि मजबुतीची वाट लावतात. माझं औषध सिमेंटच्या कणावर पातळ थर धरून बसतं, त्याला थोडा वेळ पाण्यापासून अडवतं आणि मग बाजूला होतं. मारत नाही, फक्त थांबवतं. अट एकच, माप सिमेंटच्या वजनावर ठरतं. त्या मापाच्या जरा पुढे गेलात तर थांबणं तासांचं राहत नाही, दिवसांचं होतं.

वर आल्यावर हिने विचारलं, "म्हणजे सिमेंट लवकर वाळू नये म्हणून ना ते?"

लग्नाला इतकी वर्षं झाली. "वाळतात ते कपडे," मी म्हणालो. "सिमेंट वाळत नाही, सेट होतं. पाण्यात बुडवून ठेवलं तरी होतं."

"बरं बाई, सेट," ती म्हणाली आणि पहिलीच्या वह्या तपासायला बसली. स्लॅब तिच्याच शाळेचा आहे. तळमजल्यावर दोन-दोन तुकड्या एका खोलीत कोंबलेल्या असतात, म्हणून हा वरचा मजला. स्लॅब चांगला झाला तर दादा औषधाला नाव देणार, पिंपांवर छापणार, दुसऱ्या प्लँटना विकणार. पुतण्या म्हणाला, "नाव सरबतच ठेवा काका, खपेल." बत्तीस वर्षांचा घोडा झाला, तरी घरात त्याला अजून बाळच म्हणतात, आणि विनोदही त्याच वयाचे.

९ मार्च

चाचण्या झाल्या. सिमेंट मी स्वतः तोललं, औषध मी स्वतः मोजलं. बादलीतलं मिश्रण दुपारभर मऊ राहिलं आणि संध्याकाळी असं सेट झालं की बादली फोडावी लागली. ही ओरडली, बादली तिची होती.

बाळची थट्टा करतो खरी, पण प्लँट चालवावा तर त्यानेच. पूर्वी सिमेंटचा टँकर रोज दारात उभा असायचा, हल्ली दोन-तीन दिवसांनी येतो आणि तरी काम अडत नाही. याला म्हणतात नियोजन. वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या गाड्या मात्र वाढल्यात. थोडी राख सिमेंटच्या जोडीला चालते, मीच त्याला शिकवलं होतं. मजबुतीच्या चाचणीसाठी गाडीतल्या काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरायचं कामही त्याने गेल्या पावसाळ्यापासून स्वतःकडे घेतलंय. म्हणाला, "तुमचा वेळ त्यात कशाला घालवता काका, तुम्ही औषधाकडे बघा." पोटच्या पोराला नसते इतकी काळजी त्याला माझी आहे. आम्हाला पोर नाही म्हणून हे लिहितोय असं नाही.

१४ मार्च

स्लॅब घातला! उजाडल्यापासून गाड्या निघत होत्या. मी शाळेवर उभा होतो. शेवटची गाडी वाटेत अडकली, पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं, आणि तरी काँक्रीट असं वाहत आलं की मुकादमाने तोंडात बोट घातलं. एकाही ड्रायव्हरने पाण्याच्या पाइपला हात लावला नाही. लावू दिला नसताच.

आज क्यूब मी स्वतः भरले, माझ्या औषधाचा दिवस होता म्हणून. बाळचा फोन आला, "काका, क्यूब मी भरून ठेवलेत प्लँटवर, तुम्ही कशाला उन्हात?" म्हटलं, असू दे, माझी हौस. त्याने फोन ठेवून दिला. बिचाऱ्याला वाटलं असेल, माझा त्याच्यावर भरवसा नाही. उद्या समजूत काढायला हवी.

ही मधल्या सुट्टीत मुलांना घेऊन अंगणात आली होती. पोरं वर बघत होती. एकीने विचारलं, "बाई, ते तुमचे आजोबा का?" ही हसून हसून बेजार.

१५ मार्च

सेट झालं नाही.

सकाळी स्लॅबवर पाय ठेवला तर बुटाचा ठसा उमटला. अंगठा दाबला, नखापर्यंत आत गेला. कंत्राटदार कमरेवर हात ठेवून उभा होता. "काय साहेब, अजून वाळलं नाही?"

वाळण्याबद्दल बोलायची ती वेळ नव्हती, तरी बोललो. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमचं शास्त्र राहू द्या बाजूला," तो म्हणाला, "हा चिखल कधी दगड होणार ते सांगा." कालची ऊब आतापर्यंत सुटायला हवी होती. स्लॅबवर तळहात ठेवला तर ओल्या भिंतीसारखा गार.

दिवसभर डोकं फुटेपर्यंत विचार केला. पिंपाच्या तळाशी गाळ बसला होता का? मी सकाळी ढवळलं होतं. पाणी गार होतं का? या उन्हात? मग एकच उरतं. माप चुकलं. माझं नाही, टाकणाऱ्याचं.

१६ मार्च

पॅनेलवाल्याला धरलं. खोलीत बसून बटणं दाबणारा हा माणूस, खडी, वाळू, सिमेंट, औषध सगळं त्याच्या हाताखालून जातं. मी सगळ्यांसमोर विचारलं, माप दुप्पट टाकलंस की दीडपट? तो म्हणाला, "सांगितलं तेवढंच टाकलं साहेब." एवढं बोलून बाळकडे बघायला लागला. बाळ मोबाइलमध्ये बघत होता. मी आवाज चढवला. मला आवाज चढवता येतो हे प्लँटवर बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

दादाने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मला वाटलं होतं, दादा आधी मला झापेल. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

१७ मार्च

शाळेत बैठक. कंत्राटदार म्हणतो, तोडून टाका. मुख्याध्यापिका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही सांगा, थांबायचं की तोडायचं?" मी म्हणालो, थांबा. औषध जास्त झालं तर सिमेंट झोपतं, मरत नाही. गोणपाटं ओली ठेवा, वर कुणी चढू नका, खालचे टेकू काढू नका. उठेल तेव्हा नेहमीपेक्षा मजबूत उठेल. हे पुस्तकात आहे आणि मी डोळ्यांनी पाहिलंय. बाई म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर थांबते."

ही त्या वेळी बाईंच्या मागे उभी होती. तिने मान खाली घातली होती.

१८ मार्च

झालं! सकाळी गोणपाट उचललं आणि हातोडी मारली. ठण्ण. पुन्हा मारली. मुकादमाला म्हटलं, तू मार. कंत्राटदाराला म्हटलं, तुम्हीही मारा, मनसोक्त मारा. स्लॅबला हात लावला तर आतून कोमट. मला त्या गोणपाटावर लोळावंसं वाटलं.

दादाला फोन केला. तो फक्त "बरं" म्हणाला. बाळ मात्र म्हणाला, "वाचलो काका!" माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला.

२१ मार्च

सात दिवसांचे क्यूब फोडले, मजबुती अपेक्षेच्या निम्मीसुद्धा आली नाही. घाबरण्यासारखं काही नाही. उशिरा सुरू झालेली क्रिया उशिराच भरून काढणार. बाकीचे क्यूब पाण्यात आहेत, अठ्ठाविसाव्या दिवशी बोलतील. बाईंना तसं कळवलं.

बाळ म्हणाला, "तुमचे क्यूब उन्हात राहिले असतील काका. मी प्लँटवर भरलेत ते फोडून बघा, कडक आलेत." म्हटलं, दोन्ही एकाच काँक्रीटचे, मग फरक कसा? तो म्हणाला, "तेच ना."

२७ मार्च

शेडमध्ये आठवडाभर बादल्या मांडून बसलोय. त्याच पिंपातलं औषध, तेच माप. प्रत्येक वेळी संध्याकाळी सेट. गाळ घातला, गार पाणी घातलं, खडी बदलली, सेट होतंच. स्लॅबसारखं चार दिवस रखडवायचं तर औषध दीडपट घालावं लागतं. पण पिंपात किती उरलंय ते मी मोजलं, आणि दीडपट वापरलेलं नाही. पॅनेलवाल्याने घातलं नाही तर ते आलं कुठून?

ही म्हणते, जेवताना तरी बादल्यांचं बोलू नका.

३० मार्च

पॅनेलवाला भेटला. फरशीच्या दुकानात माल उतरवत होता. मी तोंड चुकवणार होतो, त्यानेच हाक मारली.

"सापडलं का साहेब?"

"तू दीडपट टाकलं नाहीस हे सापडलं," मी म्हणालो. माफी मागायचं मनात होतं असं नाही, पण शब्द तसे निघाले.

"मी मापातच टाकलं. जे जसं सांगितलं तसंच टाकलं, औषधही आणि सिमेंटही." मग फरशी खांद्यावर घेऊन म्हणाला, "लेकीचं शिक्षण आहे साहेब, मला यात ओढू नका."

सिमेंटचं मध्येच काय काढलं कळलं नाही. मी औषधाबद्दल विचारत होतो.

३१ मार्च

कळलं.

दाढी करताना कळलं, अर्धी तशीच ठेवून शेडमध्ये गेलो. माप सिमेंटच्या वजनावर असतं. औषध दीडपट करायला औषध वाढवायची गरज नाही, सिमेंट कमी केलं तरी चालतं. एक बादली पुरं सिमेंट घालून केली. दुसरीत सिमेंट तिसऱ्या हिश्श्याने कमी केलं आणि तेवढी राख घातली. औषध दोन्हीत तेवढंच.

४ एप्रिल

पुरी बादली त्याच संध्याकाळी सेट झाली होती. दुसरी आज सकाळी झाली. थेट स्लॅबसारखी.

कुणाला काही बोललो नाही. राख चुकून जास्त पडली असेल, वजनकाटा बिघडला असेल. काटे बिघडतात. अठ्ठावीस दिवसांचे क्यूब अजून व्हायचेत.

११ एप्रिल

क्यूब दाबाच्या मशीनमध्ये ठेवला, काटा चढायला लागला, आणि जिथे चढण खरी सुरू व्हायला हवी तिथेच क्यूब फुटला. मोठा आवाजही झाला नाही. तुकडा हातात घेतला. खडी त्यातून स्वच्छ निघून आली, जशी पडली होती तशी, अंगाला काही चिकटलेलं नाही. अंगठ्याने घासलं तर पीठ पडलं. तीनही क्यूब तसेच.

बाळच्या टेबलाशी गेलो. तुकडा पुढे ठेवला. म्हटलं, सिमेंट कुठे गेलं? तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. "काका," तो म्हणाला, "तुमचं औषध नसतं तर कुणाला कळलंही नसतं हो."

त्याला मी खांद्यावर बसवून फिरवलंय.

१२ एप्रिल

ही शाळेत गेल्यावर दादाने खाली बोलावलं. बाळ खिडकीशी उभा होता, गाल लाल होता. दादा म्हणाला, "दिल्यात त्याला दोन. आता तू काय म्हणतोस?"

"स्लॅब तोडायचा," मी म्हणालो. "त्याखाली पोरं बसणार आहेत. ही बसणार आहे."

"तोडतो. माझ्या खर्चाने नवा घालून देतो, सिमेंट पुरेपूर. उद्यापासून." दादाने दार लोटून घेतलं. "पण कारण औषध. तू जाऊन सांगायचंस, प्रयोग फसला म्हणून."

मी खुर्ची मागे सारली.

"अरे, सिमेंट खाल्लं म्हटलं तर प्लँटला टाळं लागेल. पोरगा आत जाईल. औषध फसलं म्हटलं तर काय होतंय? प्रयोग फसतातच."

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"सांग की. मग मीही वकील लावीन, तेही लावतील. निकाल लागेपर्यंत स्लॅबला कुणी हात लावू देणार नाही. सुट्टी संपली की वर्ग भरतील, खाली काय आणि वर काय." मग हळू म्हणाला, "आणि घरातही बोलायचं नाही. तुझ्या बायकोला कळलं की शाळेला कळलं."

पॅनेलवाल्याला परत घ्या म्हटलं. दादा म्हणाला, घेतलं तर कारण काय सांगू? त्या माणसावर आवाज मी चढवला होता.

दादाने माझ्यासाठी शाळा सोडली होती. आज ते त्याने बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

निघताना बाळला विचारलं, "आणखी कुठे कुठे केलंस हे?"

"फक्त शाळेला, काका. तुमची शपथ."

मी विश्वास ठेवला. प्लँटवरचे ते कडक क्यूब तो गेल्या पावसाळ्यापासून भरतोय हे मला आठवत होतं. तरी ठेवला.

१३ एप्रिल

सांगितलं. मुख्याध्यापिका बाईंनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर थांबलो होतो आम्ही." मी होय म्हणालो.

कंत्राटदार दारात उभा होता. "सरबत पाजलं काकांनी," तो म्हणाला. हे नाव तिथपर्यंत कसं पोचलं कोण जाणे.

२३ एप्रिल

स्लॅब तोडताहेत. मी गेलो नाही. पिंपं बाळच्या माणसांनी गटारात उपडी केली, प्लँटभर करपलेल्या साखरेचा वास आहे. मला शेड रिकामी करायला सांगितलंय. दादाने दिलेले दोन्ही शब्द पाळले. स्लॅबचाही आणि पिंपांसकट बाहेर काढायचाही.

पुऱ्या सिमेंटच्या बादलीतला गोळा तेवढा घरी आणला.

४ मे

नवा स्लॅब पडला, औषधाशिवाय, पहाटे, थंडाव्यात. ही संध्याकाळी उशिरा आली. गेले तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. शाळेत तिला काय काय ऐकावं लागलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी तिच्याकडे बघून रोज तोंड उघडत होतो आणि मिटत होतो. खाली दादाचा खोकला ऐकू यायचा.

आज तिने चहा केला, दोन कप घेऊन माझ्याशेजारी बसली. वाऱ्याने दार आपटत होतं. ती उठली, कोपऱ्यातला तो गोळा दोन्ही हातांनी उचलून दाराला लावला. "बाई गं, काय जड आहे," म्हणाली. "कसला दगड हा?"

"असाच," मी म्हणालो.

ती परत बसली आणि माझ्या हातावर हात ठेवला. "बाई म्हणत होत्या, स्वतः येऊन चूक कबूल करणारा माणूस हल्ली दिसत नाही. मी आधी फार चिडले होते तुमच्यावर. वाटायचं, पोरांच्या डोक्यावर कसले हे प्रयोग करायचे? पण आता नाही. चुकतं माणसाचं. मी जन्मात कधी बोलून दाखवणार नाही तुम्हाला."

मी कपाकडे बघत होतो. दार उघडंच राहिलं होतं, गोळा हलला नव्हता.

"एवढं मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "ते वाळलंच नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

मी तिला सुधारलं नाही.